भाजक्या पानांचा चहा

१९४२ सालच्या चैत्रातल्या एका दुपारी त्या बाईने मैनाबाईच्या चुलीजवळचा तवा न विचारता उचलला, लुगड्याच्या टोकाने पुसला आणि पोटाशी बांधलेल्या कापडी पिशवीतली मूठभर वाळकी हिरवी पानं त्यावर टाकली. चुलीत कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ भडकलेला होता. तिने दोन काड्या बाहेर ओढल्या, जाळ मंद केला आणि उघड्या बोटांनी पानं फिरवत राहिली. बोटांना चटका बसत असणार, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

मैनाबाई चौकटीला टेकून बसली होती. ओटीत मोगऱ्याच्या कळ्या होत्या आणि मांडीवर अर्धी ओवलेली मुंडावळी. संध्याकाळच्या आत ती पुरी करून लग्नघरी पोचवायची होती, पण सुई कळीत तशीच अडकून राहिली होती.

बाई अकोल्याच्या स्टेशनावरून चालत आली होती. चंद्रभान माळी, मोर्णा नदी, एवढंच विचारत विचारत ती मळ्यापर्यंत पोचली. बुटकी, गोल चेहऱ्याची, उन्हाने रापलेली. अंगावरचं जाडंभरडं लुगडं तिने कसंबसं गुंडाळलं होतं. दारात दोघींचं जे बोलणं झालं ते फार नव्हतं.

“कोन व्हय तू?”

“चंद्रभानची बाई.”

मैनाबाईने दोरा दातात धरून तोडला. गेली बावीस वर्षं चंद्रभानची बाई म्हणून मोर्णेकाठी तिलाच ओळखत होते.

“अन् थो कुठी हाय?”

तिने मैनाबाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, मग मनगटातल्या हिरव्या बांगड्यांकडे, मग मांडीवरच्या मुंडावळीकडे.

“मांगून येऊन राहिला,” ती म्हणाली. “मी पुढं आलो.”

आता तव्यावरची पानं तपकिरी झाली होती. घरात एक वास पसरला. तुरीच्या शेंगा बांधावर भाजताना येतो तसा, पण त्याहून हलका. पितळी गंजातलं पाणी उकळल्यावर बाईने पानं त्यात सोडली, झाकण ठेवलं आणि थोड्या वेळाने चहा दोन पेल्यांत गाळून घेतला. पाणी मधासारखं दिसत होतं. मैनाबाईने पेला हातात घेतला, आत पाहिलं, आणि उठून शिंक्यावरचं बकरीचं दूध काढलं. दुधाशिवाय चहा म्हणजे दुखणाईताचा काढा, असं तिला वाटत होतं. तिने दूध ओतलं, गुळाचा खडा टाकला आणि काडीने ढवळलं.

बाईचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला.

“थोबी असाच दूध टाकत होता,” ती म्हणाली. “आमचे लोक हासत होते त्याले.”

पेला रिकामा होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

चंद्रभान १९३० साली गेला होता. कापसाच्या कंपनीच्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो बाग राखायचा. साहेबाची बदली रंगूनला झाली आणि साहेबाने त्याला बरोबर नेलं. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. पहिल्या दोन वर्षांत पाच पत्रं आली, पुढे एकही नाही. मैनाबाईला मूलबाळ नव्हतं. दीर नत्थुजी आणि जाऊ जमुना शेजारच्याच खोल्यांत राहायचे, पण चूल वेगळी होती. ती पहाटे कळ्या खुडायची, दुपारी ओवायची, संध्याकाळी एका माणसाची भाकर टाकायची. बोलायची ते बकऱ्यांशी, आणि तेही कामापुरतं.

त्या वर्षी बारा वर्षं पूर्ण होत होती. माणूस बारा वर्षं घरी परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तेरावं घालायचं, असा रिवाज. नत्थुजीने पूजेला येणाऱ्या महाराजांना विचारून अक्षय तृतीयेच्या आधीचा दिवस धरला होता. तो वाईट माणूस नव्हता. भाऊ पाण्यावाचून कुठे तरी भटकत असेल, या विचाराने त्याला बरं वाटत नसे.

“वैनी, आता किती वाट पाहाची?” तो माघात म्हणाला होता. “त्याचं त्याले करून टाकू. मोकळा होईन.”

मैनाबाईने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. पुतळा जळाला की तिचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार. विधवेच्या हातची मुंडावळी कोणी कपाळाला लावत नाही, म्हणजे ओवणंही जाणार. पण रात्रंदिवस तिला टोचत होतं ते दुसरंच. चंद्रभानची वाट पाहणं हे एकच काम बारा वर्षं तिने नेमाने केलं होतं. ते हातातून गेल्यावर ती कोण उरणार, हे तिला कळत नव्हतं.

आणि आता ही बाई आली होती, आणि चंद्रभान मागून येत होता.

नत्थुजी त्याच संध्याकाळी येऊन ओसरीवर बसला. त्याने बरंच विचारलं. रंगूनवर बॉम्ब पडले, मुलूख सोडून लोक निघाले, डोंगरातून पायी चालले, एवढं त्या बाईने सांगितलं. गर्दीत ताटातूट झाली, म्हणाली. भाऊ ठीक होता का, तर हो, ठीक होता. नत्थुजीने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्याने महाराजांना निरोप धाडला की पुतळा करायचा नाही.

बाईचं नाव मा खिन. मोर्णेकाठी त्याचं माखीन झालं. वऱ्हाडी तिला चांगली येत होती, पण सगळी बाप्याची, पुरुषाने बोलायची. मी आलो, मी भाजतो, मी खाल्लो. जमुनाला हसू आवरेना.

“अवो बाई, हे तं बाप्यावानी बोलते,” ती मैनाबाईला म्हणाली. “सवत आणली का दीर आणला तुमाले?”

“तिले शिकवाले एकच बाप्या भेटला,” मैनाबाई म्हणाली. “मंग कशी बोलन?”

ती हे सहज म्हणाली खरी, पण पहिल्या आठवड्यात तिला ते ऐकवत नव्हतं. शब्द ओढायची तीच लकब, ‘काहून’ म्हणताना तसंच नाकात बोलणं. मैनाबाई पाठमोरी भाकर थापत असली आणि मागून माखीनने मीठ मागितलं की तिचा हात पिठात थांबायचा. तिने माखीनला झोपायला ओसरी दिली, जेवायला दिलं, पण आपण होऊन काही विचारलं नाही. माखीनही आपणहून सांगत नसे. दुपारी एकटीच पेरूच्या झाडाखाली बसून ती तिच्या भाषेत काहीबाही पुटपुटायची. त्या मुलखात ती भाषा समजणारं दुसरं कोणी नव्हतं.

चहा मात्र रोज व्हायचा. दुपारी कळ्या ओवून झाल्या की माखीन पिशवी सोडायची, चिमूटभर पानं काढायची, तवा मंद आचेवर ठेवायची. पानं भाजताना हात थांबवायचा नाही, वास गोड झाला की लगेच उतरवायची, नाही तर कडवटपणा येतो, हे मैनाबाई नुसतं बघून शिकली. ती आपल्या पेल्यात दूध आणि गूळ घालायची. माखीन कोराच प्यायची. एकदा मैनाबाईने तिच्या पेल्यात दुधाची धार धरली, तर तिने हात आडवा केला.

“मले नाही जमत. त्याच्यासाठी मी रोज दुधाचा करून देत होतो. मी नाही पेलो कधी.”

त्या दिवसापासून मैनाबाई विचारू लागली. एका दुपारी एकच प्रश्न, जास्त नाही. तो तिथे काय लावायचा? साहेबाचे गुलाब, आणि कुंपणाच्या कडेला चोरून अंबाडी. अंबाडीच्या भाजीसाठी जीव टाकायचा, आणि रंगूनच्या बाजारात तिच्या जुड्याच्या जुड्या मिळत होत्या, हे त्याला दोन वर्षांनी कळलं. दोघी हसल्या. मग एका दुपारी मैनाबाईने विचारलं, लेकरं? माखीनने एक बोट वर केलं आणि ते परत मुठीत मिटलं. मैनाबाईने तिच्या पेल्यात आणखी थोडा कोरा चहा ओतला. पत्रं काहून बंद केली, हे मात्र तिने विचारलं नाही. उत्तर समोरच बसलेलं होतं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी मैनाबाईने कुंभाराकडून आणलेल्या नव्या घागरी धुवायला काढल्या. माखीन मदतीला बसली.

“हे पाणी कोनाले?”

“गेलेल्याइले. अखजीले घरी येतात, तहानेले असतात. एक सासऱ्याची, एक सासूची.”

“ज्याची घागर कोनी भरत नाही त्याले?”

“त्याले काय. फिरते तसाच, तहानेला.”

माखीन ओल्या हाताने घागरीचं पोट चोळत राहिली.

“अन् थो मेला हे घरी ठाऊकच नसन तं?”

“मंग घागर कशी भराव?” असं म्हणून मैनाबाई पुरण बघायला उठली.

चुलीवर पुरणाचं गंज होतं, चिंचवणी करायची होती, जमुना पत्रावळी लावत होती. थोड्या वेळाने मागच्या बाजूने भाजक्या पानांचा वास आला. माखीनची पिशवी आता तळाला गेली होती. मूठभर पानं उरली होती, ती तिने चार दिवस काढली नव्हती. सणासाठी ठेवली असतील, असं मैनाबाईला वाटलं होतं. तिने दूध घ्यायला शिंक्याकडे हात नेला. दुधाचं भांडं जागेवर नव्हतं.

ती मागच्या दाराशी गेली. पेरूखाली तीन दगडांची चूल होती, बाजूला तवा आणि दुधाचं भांडं. माखीन टाचांवर बसली होती. तिच्यापुढे पळसाच्या पानाचा द्रोण होता, पितरांना वाढायला जमुनाने लावलेल्या द्रोणांतला एक, आणि त्यात दुधाचा चहा काठोकाठ भरलेला. तिने हात जोडले होते. ती तिच्या भाषेत हळू आवाजात काही म्हणत होती, आणि त्यात एक शब्द मैनाबाईला कळत होता. तो दोनदा आला. चंद्रभान.

मग माखीनने द्रोण उचलला आणि थांबत थांबत झाडाच्या बुंध्याशी ओतला.

मैनाबाईने डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारून घट्ट धरल्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून. द्रोण रिकामा झाला तेव्हा ती दारातून मागे सरली.

घरात येऊन तिने उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी आणलेली तिसरी कोरी घागर कोपऱ्यातून ओढली, विहिरीवर नेली, भरली आणि त्या दोन घागरींच्या ओळीत आणून ठेवली. वर खरबूज ठेवलं.

“तिसरी कोनाची वो बाई?” जमुना म्हणाली.

“वाटसरूची.”

“आपल्यात वाटसरूची भरतात?”

“मी भरून राहिली.”

माखीन हात पुसत आत आली. ओळीत तीन घागरी होत्या. तिने त्या एकदा पाहिल्या, मग मैनाबाईकडे पाहिलं. मैनाबाई पाटावर पुरणाची पोळी लाटत होती. कपाळावर कुंकू होतं, घामाने थोडं ओघळलेलं.

“उभी काहून?” ती मान न उचलता म्हणाली. “घागरीइले कुंकू लाव. तिन्हीले.”

माखीनने करंडा घेतला. दोन घागरींना तिने झटकन बोट टेकवलं. तिसरीला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई नेहमीसारखी मुंडावळ्या घेऊन लग्नघरी गेली. त्या सकाळबद्दल दोघी एकमेकींशी पुढे कधीच बोलल्या नाहीत. पानं संपली होती. मैनाबाईने एकदा बाजारातली चहाची पुडी तव्यावर भाजून पाहिली, तर सगळ्या घरात धूर झाला आणि जमुना विझवायला पाणी घेऊन धावत आली. त्यानंतर दोघी साधाच चहा पीत राहिल्या, एक दुधाचा, एक कोरा. नत्थुजी दर दिवाळीला पत्र आलं का विचारायचा. लढाई संपल्यावर त्याने तेही सोडलं. पुतळ्याची गोष्ट मात्र परत काढली नाही.

मैनाबाई १९५८ च्या पौषात गेली. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, आणि मोर्णेकाठच्या बायका तिच्या पाया पडायला आल्या. पुढच्या अक्षय तृतीयेला माखीनने तिच्या नावाची घागर भरली. वाटसरूच्या घागरीला कुंकू लावताना तिने नत्थुजीला हाक मारली आणि ती कोणाची ते सांगितलं. रंगूनहून येतानाच्या वाटेवर तौंगुपच्या घाटात पटकीची साथ होती. ती पाणी उकळून त्यात पानं टाकायची, आणि तेवढंच दोघं प्यायचे. एका दुपारी तहान लागली, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत चंद्रभान थांबला नाही. ओढ्यावर जाऊन प्याला. तिसऱ्या दिवशी गेला. पुढच्या छावणीत तिने नवरा गेलेल्या इकडच्या बायकांच्या बांगड्या फुटताना पाहिल्या होत्या.

नत्थुजी खाली बसला. त्याने विचारलं, “वैनीले ठाऊक होतं?”

“मी कधी सांगतलो नाही,” माखीन म्हणाली.

त्याच महिन्यात नत्थुजीने पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि भावाला अग्नी दिला. तो पाच वर्षांनी गेला. जमुना शेवटी लेकीकडे भातकुलीला राहायला गेली आणि तिथेच वारली. माखीन १९७४ पर्यंत मळ्यात कळ्या ओवत होती. शेवटची काही वर्षं तिला तिची भाषा आठवत नसे, वऱ्हाडीच उरली होती, ती चंद्रभानची. आता मळा नत्थुजीच्या मुलाकडे, पंजाबरावकडे आहे. अक्षय तृतीयेला तो सगळ्यांच्या घागरी भरतो. माखीनची घागर चंद्रभानच्या आणि मैनाबाईच्या मध्ये ठेवायची की मैनाबाईच्या पलीकडे, यावरून घरातल्या बायकांत दरवर्षी थोडी कुरकुर होते.