कप्तानाच्या कानात

कप्तान सगळं विसरत चाललाय हे अख्ख्या स्टुडिओत आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं धाकटीला वाटत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलीच गत.

कप्तान म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. बारा वर्षं तो ‘अंधारातलं तारू’ या मालिकेत एका अवकाशयानाचा कप्तान होता. दर गुरुवारी संध्याकाळी सातला ही मालिका थेट दाखवत, नाटकासारखी. चुकलं तर चुकलं, त्यातच तिची गंमत. प्लायवुडचं यान, वर चंदेरी रंग, भिंतभर लुकलुकणारे दिवे आणि मधोमध कप्तानाची खुर्ची. दर आठवड्याला यानावर काहीतरी कोसळायचं. कधी इंजिन पेटायचं, कधी खलाशी बंड करायचे. मग सगळे माना वळवून खुर्चीकडे बघायचे. कप्तान तीन श्वास थांबायचा आणि एकच वाक्य बोलायचा. त्या एका वाक्यासाठी लोक हातातली कामं टाकून टीव्हीपुढे बसत.

ते वाक्य त्याच्या कानात धाकटी सांगायची. सेटच्या मागे काचेची एक खोली होती, कपाटाएवढी. तिथं ती कागद आणि माईक घेऊन बसायची. माईकला एक काळं बटण. बटण दाबलं की तिचा आवाज थेट कप्तानाच्या कानातल्या वाटाण्याएवढ्या यंत्रात. बोट उचललं की बंद. कप्तान तीन श्वास घ्यायचा ते काही विचार करायला नव्हे, धाकटीचं सांगून व्हावं म्हणून. लोक त्याला धीरगंभीरपणा म्हणत. म्हणेनात बापडे.

आणि खरी मेख तर पुढेच आहे. लेखक म्हणून ज्याचं नाव पडद्यावर यायचं, तो गृहस्थ एक नंबरचा आळशी. ऐन संकटात कप्तानाच्या तोंडी ‘सर्वांनी शांत राहा, मी मार्ग काढतो’ असलं काहीतरी पाणचट घालायचा. चौथ्या वर्षी एका गुरुवारी यानाचा एक कप्पा फुटला, आत तीन खलाशी, आणि कप्तानानं म्हणायचं होतं, ‘देव त्यांचं रक्षण करो.’ धाकटीला राहवेना. तिनं बटण दाबलं आणि आपल्या मनचं सांगून टाकलं: “दार लावा. दार लावताना आत कोण आहे ते विचारायचं नसतं. लावून झाल्यावर विचारायचं.”

कप्तानानं ते जसंच्या तसं उच्चारलं. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कारखान्यांच्या भिंतींवर लागलं. मोठमोठ्या कंपन्या कप्तानाला भाषणाला बोलवू लागल्या, विषय काय, तर संकटात नेतृत्व कसं करावं. हा कोट चढवून जायचा आणि धाकटीची वाक्यं सांगून टाळ्या घेऊन यायचा. आयत्या बिळावर नागोबा! पुढच्या आठ वर्षांत अशी शेकड्यानं वाक्यं झाली, पण एकदाही तो कुणाला म्हणाला नाही, की अहो, हे माझ्या बहिणीचं डोकं आहे. घरी मात्र जेवताना म्हणायचा, “धाकटे, तुझ्यावाचून माझं पान हलत नाही गं.” चार भिंतींत म्हटलेलं काय चाटायचंय? धाकटीनं ते आठ वर्षं पोटात ठेवलं. पोटात ठेवलेलं कुजतं.

मग गेल्या वर्षी तो विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी संध्याकाळी विचारायचा, “ही अजून कशी आली नाही?” पहिल्या वेळी धाकटीनं खरं सांगितलं, तर तो नव्यानं रडला. त्यानंतर ती सांगायची, “येईल हं.” डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “त्यांचं काम सुटू देऊ नका. काम आहे तोवर तुमचा भाऊ शिल्लक आहे. घरी बसवलात की महिन्याभरात तुम्हालाही ओळखणार नाही.” आणि गुरुवारी खरोखरच चमत्कार व्हायचा. कानात आवाज आला की पाठ ताठ, नजर करारी. आवाज नसला की एकसष्ट वर्षांचा बावरलेला म्हातारा.

मालिकेचा निर्माता होता त्याला सगळं युनिट गोडबोल्या म्हणायचं. कुणाला कामावरून काढतानाही तो आधी पंखा त्याच्याकडे वळवायचा. एके दिवशी त्यानं धाकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच्या हातानं चहा ओतला, तेव्हाच तिनं ओळखलं, आता काहीतरी निघणार.

“ताई, कप्तानांची तब्येत काय म्हणते?”

“ठणठणीत आहे की.”

“परवा मेकअपच्या खुर्चीत त्यांनी मला तीनदा नाव विचारलं. बारा वर्षांनी.” गोडबोल्या हसला. “ताई, माझ्यापासून काय लपवता? आता खुर्चीत नवं माणूस पाहिजे. उपकप्तान तयार आहे.”

उपकप्तान म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली पोरगी. कानामागून आली अन् तिखट झाली, पण कामाला चोख होती, खोटं कशाला बोला.

“मी कप्तानांना काढलं तर लोक मला फाडून खातील,” तो म्हणाला. “खुर्ची त्यांच्या हातून निसटली पाहिजे, सगळ्यांच्या देखत. या गुरुवारी यानातली हवा गळते. सगळे वळून बघतात. आणि तुम्ही बटणावरचं बोट उचलायचं. दहा सेकंद. पुढचं ती पोरगी सांभाळेल.”

“आणि दादा?”

गोडबोल्यानं मागच्या भिंतीकडे मान वळवली. तिथं चौकटीत तेच वाक्य होतं, दार लावण्याचं. “हे वाक्य कुणाचं आहे, मला माहीत आहे ताई. तुमच्या माईकचा आवाज मी माझ्या खोलीत ऐकतो. पहिल्यापासून ऐकतोय.”

म्हणजे या मेल्याला आठ वर्षं ठाऊक होतं! धाकटीच्या कानशिलापाशी शीर ठणकायला लागली. आणि नेमकं तेव्हाच तो म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून लेखिका म्हणून पडद्यावर तुमचं नाव. फार उशीर झाला. माझंच चुकलं.”

इथं तिनं उठून जायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मीही म्हणेन. सांगायला काय जातंय! तिनं चहा संपवला.

गुरुवारी सेटवर जाण्याआधी कप्तानानं बारा वर्षांच्या रिवाजाप्रमाणे काचेवर टकटक केली. “धाकटे, तू आहेस ना?”

“आहे, दादा.”

पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. मग भोंगा वाजला, लाल दिवे फिरायला लागले, एक खलाशी धापा टाकत आला आणि ओरडला, “कप्तान, हवा गळतेय! अकरा मिनिटं पुरेल!” सगळ्यांनी माना वळवल्या.

धाकटीनं बोट उचललं.

एक श्वास झाला. दोन. तीन. कप्तान ताठ बसला होता, कान किंचित तिरका करून. चौथ्या श्वासाला त्याचे डोळे हलले. पाचव्याला त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि भोवतालच्या चंदेरी कपड्यांतल्या माणसांकडे असं पाहिलं, की ही कोण मंडळी, आणि मी यांच्यात काय करतोय? उपकप्तान ठरल्याप्रमाणे पाऊल पुढे टाकायला निघाली, पण त्याचा चेहरा बघून तिचे पाय जागीच थिजले.

“धाकटे?” तो म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. “अंधार झालाय गं. कुठंयस तू?”

आणि कुणाला काही कळायच्या आत तो उठला, एक हात शेजारी खाली लोंबता धरला, छोट्या मुलाचं बोट धरावं तसा, आणि मोजायला लागला. “एक. दोन. घाबरायचं नाही. तीन.”

त्याचा अर्थ त्या इमारतीत फक्त धाकटीला कळला. ते लहानपणी राहायचे त्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. वीज गेली की ती पाच वर्षांची पोर खाली रडत उभी राहायची. नऊ वर्षांचा दादा अंधारात उतरून यायचा, तिचं बोट धरायचा आणि मोठ्यानं पायऱ्या मोजत तिला वर न्यायचा. चौदा झालं की म्हणायचा, “आलं घर.”

“नऊ. दहा. हात सोडू नकोस.”

धाकटीचं बोट बटणाकडे गेलं. तेवढ्यात तिच्या मनगटावर एक मऊ हात पडला. गोडबोल्या केव्हा येऊन मागे उभा राहिला होता कोण जाणे. “राहू द्या, ताई,” तो कुजबुजला. “राहू द्या. सोनं आहे हे.”

मनगट सोडवून घ्यायला काही फार जोर लागला नसता.

“चौदा,” कप्तान म्हणाला आणि थांबला. त्यानं शेजारी पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. तो लोंबता हात त्यानं तोंडावर धरला आणि प्लायवुडच्या यानात, सगळ्या देशासमोर, तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतले फोन थांबेनात. हवा संपत आलेल्या कप्तानाला बालपण आठवतं, हरवलेली बहीण दिसते. काय तो अभिनय, काय ते लेखन! माणसं फोनवर रडत होती. गोडबोल्यानं पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा करून सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, “कप्तान कुठंही जात नाहीत. दर गुरुवारी त्यांना हा झटका येईल. ते मोजतील, मग उपकप्तान यान वाचवेल.” उपकप्तानाचं तोंड एवढंसं झालं. धाकटीला मात्र हायसं वाटलं. दादाचं काम टिकलं, आपलं नाव लागलं. साप मेला आणि काठीही तुटली नाही, असं तिनं मनाला सांगितलं.

पुढच्या भागासाठी तिनं ते सगळं नीट लिहून काढलं आणि तालमीत बटण दाबून त्याच्या कानात सांगितलं. दादानं म्हटलं, “एक. दोन. घाबरायचं नाही.” दुकानदार अंडी मोजतो तसं. करारी आवाज, ताठ पाठ. कानात बहीण असल्यावर तो कशाला घाबरेल?

गोडबोल्यानं मान हलवली. “यात भीती नाही, ताई. भीती खरी पाहिजे. बोट उचला.”

“अहो, त्याला त्या वेळी कळतं हो! खरंच वाटतं त्याला, की मी टाकून गेले.”

“दुसऱ्या दिवशी आठवतं?”

धाकटी हातातले कागद सारखे करायला लागली.

“मग झालं तर! दर वेळी पहिल्यांदाच.” त्यानं पंखा तिच्याकडे वळवला. “तुम्हाला नको असेल तर माझी सक्ती नाही हं. उद्यापासून त्यांना घरी बसवू. डॉक्टर त्याबद्दल काय म्हणाले होते?”

त्याला हेही कुठून कळलं, हे तिनं विचारलं नाही. दार लागलं होतं आणि आत कोण आहे ते आता तिला दिसत होतं.

महिन्यानं पडद्यावर तिचं नाव आलं, लेखिका म्हणून, चांगलं ठसठशीत. दादानं ते मेकअपच्या खोलीतल्या टीव्हीवर अक्षर अक्षर लावून वाचलं आणि खुर्चीतून उठलाच. दिसेल त्याला धरून सांगायला लागला, मेकअपवालीला, सुताराला, दारावरच्या पहारेकऱ्याला. “ही माझी बहीण बरं का! माझी सगळी वाक्यं हिची. पहिल्यापासून हिचीच. मी नुसता पोपट हो! सांगायचं राहूनच गेलं बघा.” तिथं धाकटी भिंतीला टेकून उभी होती. आठ वर्षं जे कानांना ऐकायचं होतं ते ऐकू येत होतं, आणि कुठं तोंड लपवू असं तिला झालं होतं. दुसऱ्या गुरुवारी तो ते विसरला आणि पुन्हा नव्यानं सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्या पुढच्याही.

असे एकोणीस गुरुवार झाले.

विसाव्या गुरुवारी तो काचेपाशी आला, पण टकटक केली नाही. सेटच्या दाराची चौकट त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मागचं त्याला काहीही आठवत नव्हतं, पण हातांना काहीतरी आठवत असावं.

“धाकटे, आज आत जायला नको वाटतंय गं. का कोण जाणे.”

तिच्यापुढच्या कागदावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कप्तान थांबतो.’ त्याखाली अर्धं पान कोरं.

“होतं असं कधीकधी, दादा.”

“तू आहेस ना?”

“आहे.”

“मग कसली भीती,” तो म्हणाला, आणि एकेक बोट सोडवत त्यानं चौकट सोडली. जाता जाता काचेतून तिच्याकडे बघून हसलासुद्धा. पाठ ताठ झाली, नजर करारी झाली. सात वाजले. वीस मिनिटांनी यानातली हवा गळायला लागली, सगळ्यांनी माना वळवल्या, आणि धाकटीनं बोट उचललं.