माळकरी मांजर

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी, म्हणजे दयारामांनी, तुळशीची माळ घातली आणि गव्हाण गावातल्या आमच्या घरातून मासळी गेली. पाठोपाठ माझ्याही गळ्यात माळ आली. आमच्या मांजरीचं नाव तोवर बोंबलावरून बोंबी होतं. ह्यांनी तिला तुळशी म्हणायला आणि वाटीत दूध-भात वाढायला सुरुवात केली. "माळकऱ्याची मांजरपन माळकरीच," असं येईल त्याला सांगायचे. आमचा कुत्रा शहाणा, तो शेजारी बळीरामाच्या पडवीत जेवून यायचा. तुळशी मात्र घर सोडून कुठे जात नसे.

हळूहळू ती फार शांत झाली. दुपारी ओटीवर ऊन पसरायचं, त्यात बसून राहायची. डोळे टक्क उघडे, बुबुळं मोठी नि काळीभोर. वरून विमान गेलं तरी मान उचलायची नाही, नुसता कान फिरवायची. पाऊल इतकं जपून टाकायची की पाण्यावरून चालते आहे असं वाटावं. तिच्याकडे बघता बघता मलाही गुंगी यायची. वाटायचं, आपल्याला न दिसणारं काहीतरी हिला दिसतंय. आळीतल्या बायका तिला हात जोडून जायच्या आणि हे फुलून जायचे. मूर्ख ते, आणि त्यांच्यासोबत मीही.

मग एका सकाळी ती ओट्यावरून खिडकीत उडी मारायला गेली, रोजचीच उडी, आणि भिंतीवर आपटली.

पनवेलला प्राण्यांच्या दवाखान्यात रिया डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि विचारलं, "खायला काय देता?"

ह्यांनी अभिमानाने सांगितलं.

"काका, कुत्र्याचं डाळ-भात-अंड्यावर एकवेळ निभेल. मांजराला मांस-मासळीतलं सत्त्व लागतंच. ते मिळालं नाही की आधी डोळ्याचा पडदा मरतो, मग हृदय. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचेल, पण आजपासून खाणं बदला. मांजरांचं तयार खाणं द्या, सोबत थोडी उकडलेली मासळी नाहीतर कोंबडी. मीठ-मसाला नको, काटे काढून."

रिक्षात हे माळेचे मणी फिरवत होते. मला धास्ती वाटत होती. हे नाही म्हणाले असते तर मी माझी माळ उतरवणार होते, तेवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण नाक्यावर मासळीवाली भामा टोपली घेऊन बसली होती, तिथे ह्यांनीच रिक्षा थांबवली.

मागल्या दारी बसून त्यांनी स्वतः मासळी साफ केली. हात काहीच विसरले नव्हते. उकडली, काटे काढले, बोटांनी कुस्करली. वासावर तुळशी आली, वाटी चुकली, ह्यांच्या गुडघ्याला धडकली आणि मग त्यांच्या तळहातातूनच खाऊ लागली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"माळ मी घातली," ते तिला म्हणाले. "तुला इचारलंच नाय."

मी दारात उभी होते. "मलापन नाय इचारलं," मी म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. ते इतके दिवस माझ्या पोटात होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी टोप माझ्याकडे सरकवला. टोपात दोन तुकडे उरले होते.

"खाशील का गो?" त्यांनी विचारलं.

मी उंबरा ओलांडून टोपाजवळ बसले, आणि त्यांनी घाई केली नाही.