राणीचा झगा कुठल्या रंगाचा

टीव्ही गुरुवारी गेला. आवाज होता, चित्र नव्हतं. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून आत टॉर्च मारला, पडद्याचा पार्ट यायला दहा दिवस लागतील असं सांगितलं आणि टीव्ही उचलून घेऊन गेला. नाटक रविवारी चार वाजता होतं. एकदाच दाखवणार होते.

त्या नाटकाचे अकरा पोशाख टेलरबाईंनी शिवले होते. दहांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण झालं ते अकराव्यावरून, राणीच्या शेवटच्या प्रवेशातल्या झग्यावरून. दिग्दर्शकाला तो काळा हवा होता. बाईंनी डाळिंबी शिवला.

"ती हरलीय, बाई," दिग्दर्शक म्हणाला होता.

"हरलीय. संपली नाहीये," बाई म्हणाल्या होत्या.

शेवटी त्याने झगा ठेवून घेतला. दिव्यांखाली बघतो, नाही जमला तर कोठीत जुना काळा आहे, तो घालू, असं म्हणाला. दिव्यांच्या तालमीला शिवणाऱ्यांना बोलवायची त्या मंडळींत पद्धत नव्हती. चित्रीकरण दुसऱ्या शहरात झालं. त्यानंतर त्याचा निरोप आला तो तीन शब्दांचा: "काम छान झालं." झगा कुठला, ते त्यात नव्हतं.

पुढच्या नाटकाचे चाळीस पोशाख शिवणार का, याचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं. बाईंचं ठरलेलं होतं. डाळिंबी घातला असेल तर हो. काळा घातला असेल तर त्या माणसाचं तोंड बघायचं नाही. फोन करून विचारायचं मात्र नाही. विचारलं की गरज आपली ठरते.

रविवारी अडीच वाजता धाकटा दीर चादरीत गुंडाळलेला मॉनिटर काखेत मारून आला. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. घरात त्याला शास्त्रज्ञ म्हणत. लहानपणी त्याने गजराचं घड्याळ उघडलं होतं. ते परत बंद झालं, पण बाहेर तीन चाकं उरली होती.

"वहिनी, टीव्ही म्हणजे काय?" तो म्हणाला. "एक पडदा आणि एक बॉक्स. केबलचा बॉक्स तुमच्याकडे आहे, पडदा मी आणला. झाला टीव्ही."

"आणि आवाज?"

"आधी लग्न तर जमू दे. पाळण्याचं नंतर बघू."

मॉनिटर कटिंगच्या टेबलावर ठेवला. बॉक्समधून निघणारी वायर चपट्या तोंडाची होती. मॉनिटर जुना, त्याची वायर रुंद तोंडाची, पंधरा बारीक पिनांची. दोघांची सोयरीक जुळवायला शास्त्रज्ञाने काडेपेटीएवढा कन्व्हर्टर आणला होता. चपटं टोक लगेच बसलं. रुंद बसेना.

"उलटं धरलंयस," बाईंचा नवरा म्हणाला. एकतीस वर्षं बस डेपोच्या तिकीट खिडकीवर काम करून तो निवृत्त झाला होता.

"दादा, हे उलटं बसूच शकत नाही. तशी रचनाच असते." शास्त्रज्ञाने तळहाताचा जोर दिला. काहीतरी कट् वाजलं. "बघ. बसलं."

पडद्यावर "सिग्नल नाही" अशी चौकट आली आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरू लागली. शास्त्रज्ञाने मॉनिटरखालची चारही बटणं दाबून पाहिली. मग बॉक्स बंद करून चालू केला. चौकटीतली ओळ बदलली. आता बॉक्सकडून येणारं चित्र या पडद्याच्या आवाक्याबाहेर आहे, असं काहीतरी ती इंग्रजीत सांगत होती.

"प्रगती आहे," शास्त्रज्ञ म्हणाला.

सव्वातीन वाजले होते. नवऱ्याने केबल कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. सात मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आली. फोन स्पीकरवर होता.

"टीव्ही कुठल्या कंपनीचा आहे, सर?"

"टीव्ही नाहीये."

"मग तक्रार कशाची आहे?"

"टीव्ही दिसत नाही."

"टीव्ही नाही, म्हणून दिसत नाही का, सर?"

नवऱ्याने फोनवर हात धरला. "बाई हुशार आहे," तो म्हणाला.

शास्त्रज्ञाने फोन घेऊन सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. बॉक्स मोठं चित्र पाठवतोय, ते लहान करायला हवं, ती म्हणाली. सेटिंगमध्ये जा.

"सेटिंग कुठे दिसेल?"

"पडद्यावर, सर."

चित्र दिसायला सेटिंग बदलायला हवी होती आणि सेटिंग बदलायला चित्र दिसायला हवं होतं.

"थांबा," फोनवरची बाई म्हणाली. तिच्या आवाजात प्रथमच गोडी सोडून काहीतरी आलं. "माझ्यासमोर तसाच बॉक्स आहे. मी इथे बघून सांगते, तुम्ही तिथे न बघता दाबा. मेनू. खाली चार वेळा. ओके. उजवीकडे एकदा. खाली दोनदा. ओके."

पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी बॉक्सच बंद पडला. तिसऱ्या वेळी नवऱ्याने भावाच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि तिकिटं मोजल्यासारखा एकेक आकडा मोठ्याने म्हणत बटणं दाबली. तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी चित्र आलं. फोनवरच्या बाईने, आपल्याला अजून काही मदत हवी आहे का, असं विचारलं तेव्हा तिघंही इतकी ओरडत होती की तिला उत्तर मिळालं नाही.

मॉनिटरला आवाज नव्हता. कन्व्हर्टरच्या बाजूला एक लहान भोक होतं, त्यात नवऱ्याच्या रेडिओचा इयरफोन तेवढा बसला. वायर हलली की चित्र जाई, म्हणून शास्त्रज्ञ कन्व्हर्टर चिमटीत धरून बसला. बाईंना बघायचं होतं. उरला नवरा. त्याने इयरफोन कानात घातले. ऐकून सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं.

नाटक वेळेवर सुरू झालं. राजा सिंहासनावर बसला होता. त्याचा चेहरा हिरवट होता.

"राजा आजारी आहे का?" बाईंनी विचारलं.

नवरा ऐकत राहिला. मग खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाला, "राजा म्हणतो, आज आमचं मन प्रसन्न आहे."

"हे दिव्यांचं असतं, वहिनी," शास्त्रज्ञ म्हणाला. "मोठ्या नाटकांत असाच हिरवट प्रकाश सोडतात. त्यात अर्थ असतो."

बाईंचं लक्ष शेल्याकडे होतं. राजाचा शेला त्यांनी केशरी कापडाचा शिवला होता. पडद्यावर तो शेवाळी होता. प्रधानाचा पांढरा अंगरखा निळसर. अकराच्या अकरा पोशाख बदलले की काय? पण शेल्याची काठाची शिवण तर त्यांचीच होती, दुहेरी. मग कापड रंगवून घेतलं? आणि कुणी, कशाला? त्या खुर्ची पुढे सरकवून पडद्यापासून हातभर अंतरावर बसल्या. जवळून सगळं जास्तच हिरवं दिसलं.

चार वाजून बावीस मिनिटांनी जाहिराती लागल्या. एका स्वयंपाकघरात हसऱ्या आईने मुलांच्या ताटलीत टोमॅटोचा सॉस ओतला. बाटलीतून डांबर पडलं. मागे टोपलीत काळे टोमॅटो होते.

"हाही अर्थ का, भावोजी?" बाईंनी विचारलं.

शास्त्रज्ञ टोमॅटोंकडे बघत राहिला. "लाल गेलाय," तो म्हणाला. "बाकीचे रंग येतायत. लाल तेवढा येत नाहीये."

"म्हणजे डाळिंबी इथे काळा दिसणार."

"हो."

"आणि काळा?"

"काळा काळाच दिसणार, वहिनी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तीन दिवस ज्या एका गोष्टीसाठी धडपड चालली होती, तेवढीच नेमकी हा पडदा सांगणार नव्हता.

जाहिराती संपेपर्यंत चार मिनिटं होती. शास्त्रज्ञाने रुंद टोक उपसून उजेडात धरलं. वरच्या ओळीतली पहिली पिन आडवी झाली होती. त्याने बाईंचा बारीक चिमटा घेतला आणि श्वास रोखून ती सरळ करू लागला. पिन सरळ झाली. मग हातात आली. मग टेबलावर पडली आणि टाचण्यांत मिसळली.

"मिळेल," तो म्हणाला.

"मिळून काय करणार आहेस? शिवून लावणार?" नवरा म्हणाला. "अगं, तू समोर जा. त्यांच्याकडे टीव्ही आहे."

समोरच्या बिऱ्हाडात जायचा विषय शुक्रवारीही निघाला होता आणि बाईंनी तो तोडला होता. समोरच्या बाईला त्यांनी महिनाभर हा झगा ऐकवला होता. कापड किती वार, घेर केवढा, दिग्दर्शकाला कसं गप्प केलं. तिच्या सोफ्यावर बसून काळा झगा बघायची वेळ आली असती तर पुन्हा तिच्यासमोर दार उघडायची सोय राहिली नसती. पण आता त्या उठल्या, चपला न घालता दार उघडून बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या.

"कुलूप," त्या म्हणाल्या. "लाव ती वायर."

एरवी त्या दिराला अहो-जाहो करत. शास्त्रज्ञाने वायर लावली.

पुढचा तास तिघांनी हिरव्या माणसांचं नाटक बघितलं. नवरा बातमी देत राहिला. "सेनापती म्हणतो, दरवाजे उघडले. राणी म्हणते, कुणी उघडले. सेनापती काही म्हणत नाही." मध्येच तो स्वतःच अडकला आणि सांगायचं विसरून ऐकत बसला, तेव्हा बाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"अगं, इथे भांडण चाललंय, एकेक सांगू का सगळं?"

"एकेकच सांगा. तिकिटं एकगठ्ठा देत होता का?"

पाच वाजून एकोणीस मिनिटांनी शेवटचा प्रवेश सुरू झाला. मंचाच्या मधोमध सात पायऱ्या होत्या आणि वरच्या पायरीवर राणी उभी होती. झगा काळा होता. अर्थात काळा होता. गळ्यावरून काही कळलं नसतं. कोठीतल्या जुन्या झग्याचाच गळा बाईंनी उतरवून घेतला होता. बाह्या दोन्हींच्या सारख्याच लांब. बाईंनी दोन्ही हात टेबलावर दाबून ठेवले.

राणी एक पायरी उतरली. झग्याचा मागचा घेर वरच्या पायरीवरच थांबला. मग तिच्यामागून, एक क्षण उशिरा, जड होऊन खाली आला. ती दुसरी पायरी उतरली. घेर पुन्हा थांबला आणि आला.

बाईंनी त्या घेराच्या दुमडीत शिशाच्या चपट्या टिकल्या शिवल्या होत्या, वीतभर अंतरावर एक, जड पडद्याला लावतात तशा. कोठीतला झगा साटिनचा होता. तो पायऱ्यांवर थांबला नसता, फुग्यासारखा उडाला असता.

"माझा आहे," बाई म्हणाल्या.

"कशावरून?" शास्त्रज्ञाने विचारलं. तो हलला, चित्र गेलं, परत आलं. राणी तिसऱ्या पायरीवर होती.

"चालीवरून."

"मग झालं तर!" नवऱ्याने कानातला एक इयरफोन काढला. "जिंकलीस की."

बाई बघत होत्या. हा झगा त्यांनी मनात शंभरदा पायऱ्यांवरून उतरवला होता, आणि दर वेळी आधी दिसायचं ते डाळिंबी कापड, पायऱ्यांवर पसरत आलेलं. आता घेराची हालचाल सोडली तर कापड दिसतच नव्हतं. मागच्या अंधारात काळं मिसळलं होतं. दिसत होते ते दोन हात आणि एक चेहरा, आणि हातांना कुठे जावं हे कळत नव्हतं. एक हात कठड्याकडे गेला, कठडा नव्हता, हात परत आला. झगा नाहीसा झाला होता आणि आतली बाई दिसत होती.

ते काळ्यामुळे होतं, की त्या नटीमुळे, की तुटलेल्या पिनेमुळे, हे बाईंना सांगता आलं नसतं.

"राणी काय म्हणतेय?" शास्त्रज्ञाने विचारलं.

"काही म्हणत नाहीये," नवरा म्हणाला. "नुसती पावलं वाजतायत."

पावणेसहाला फोन वाजला. दिग्दर्शक होता. नवऱ्याने भुवया उंचावल्या. बाईंनी तीन वेळा वाजू देऊन उचलला.

"बघितलंत, बाई?"

"बघितलं."

"मग आता तोंडावर कबूल करतो. तुम्ही म्हणत होता ते खरं. मी आत्ता घरी बघितलं. काळा घातला असता तर ती त्या पायऱ्यांवर दिसलीच नसती. डाळिंबीच हवा होता."

"मला काळाच बरा वाटला," त्या म्हणाल्या.

"काळा? काळा कुठे होता?"

"आमच्याकडे होता."

"बाई, झगा डाळिंबी होता. तुम्हीच शिवलाय."

"माहीत आहे. मी शिवलेला डाळिंबी झगा मी काळा बघितला. त्यात ती हरलेली दिसत होती. तुम्ही म्हणत होता तशी."

मग दिग्दर्शकाने सावधपणे विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. टीव्ही बिघडलाय." बाईंनी पिन, कन्व्हर्टर आणि टोमॅटो थोडक्यात सांगितले. दिग्दर्शकाला ते कितपत कळलं याची त्यांना खात्री वाटली नाही.

"म्हणजे आता तुम्ही माझ्या बाजूच्या आणि मी तुमच्या," तो म्हणाला. "मग बरोबर कोण?"

"मला कसं कळणार? तुम्ही एकच बघितलात, मीही एकच बघितला. दोन्ही शेजारी ठेवून कुणीच बघितले नाहीत."

"बरं, ते राहू द्या. चाळीस पोशाखांचं काय? उद्या कळवणार होतात."

"शिवीन," बाई म्हणाल्या. "पण रंग मी घरात बसून ठरवणार नाही आणि तुम्हीही ऑफिसात बसून ठरवायचा नाही. प्रत्येकाचे दोन रंगांचे तुकडे कापून आणते. दिव्यांच्या तालमीला मी समोर बसणार."

"तशी पद्धत नाही आपल्याकडे."

"नव्हती."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, त्याच्याकडचं की रस्त्यावरचं ते कळत नव्हतं.

"पंधरा तारखेला. तीन वाजता," तो शेवटी म्हणाला. "पण तालमीत मध्येच बोलायचं नाही."

"ते आत्ता कसं सांगू," बाई म्हणाल्या.