चादरीखालचा बगळा

लीगचं नाव बदललं आणि पूर्वेकडच्या स्टँडमधल्या झाडून सगळ्यांचे चेहरे सुतकी झाले. नव्या नावात एक कंपनी होती, एक आकडा होता, फुटबॉल मात्र औषधालाही नव्हता. चिन्हातला, पायात चेंडू धरून पंख पसरलेला जुना बगळाही गेला. त्याच्या जागी आल्या तीन तिरक्या रेघा. "टूथपेस्ट विकायला काढलीय की काय?" मास्तर म्हणाले. हे मास्तर म्हणजे शाळेत जन्मभर शिट्टी फुंकून निवृत्त झालेले, आणि स्टँडमध्ये त्यांचा शब्द शेवटचा.

बाकीच्यांचं बरं होतं, शिव्या घालून मोकळे झाले. पंचाईत झाली ती आत्याची. कपडे शिवून पोट भरणाऱ्या या बाईला सगळा स्टँड आत्याच म्हणे, आणि स्टँडची चादर तिच्या घरी असे. चादर म्हणजे जुन्या जर्सी एकमेकींना जोडून केलेलं, अख्ख्या स्टँडवर पसरेल एवढं कापड. त्यावर पांढराशुभ्र बगळा. सामन्याआधी सगळ्यांनी हात वर करून ती डोक्यावर धरायची, हा इथला रिवाज. बगळा काढला आत्याच्या थोरल्या भावाने, शिवला तिने. डोळा तेवढा दादाने हट्टाने स्वतः शिवला, पिवळ्या दोऱ्याने, आणि अर्थातच वाकडा.

"अरे दादा, तो खाली बघतोय!" ती करवादली होती.

"बघू दे की. तुझं काय जातंय?"

दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाईपर्यंत त्याला एकच हळहळ होती, की आपला बगळा आपल्यालाच दिसत नाही. खरंच होतं ते. चादर धरणारे चादरीखाली, त्यांना दिसायच्या नुसत्या शिवणी आणि लोंबणारे दोरे. बगळा बघायचा समोरच्या स्टँडने. यांच्या वाट्याला फोटो, आणि त्यात तो डासाएवढा. आत्याच्या घरात तर चादर पुरती उलगडायला कधी जागाच नव्हती. तिनेही तो बगळा पंख-पंख, पाय-पाय असाच पाहिलेला.

मग लीगचा हुकूम आला. जुनं चिन्ह मैदानात दिसता कामा नये.

"आत्या, बगळा उसवा," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "नाहीतर चादरच आत सोडणार नाहीत. त्या तीन रेघा मागाहून शिवा."

ती कात्री घेऊन बसली. पंखाचे दोन टाके उसवले आणि हात थांबला. बगळा गेला की डोळाही जाणार, आणि दादाच्या हातचं दुसरं काहीही तिच्यापाशी नव्हतं. तिने कात्री बाजूला ठेवली आणि मास्तरांना बिनदिक्कत थाप मारली, "उसवला."

सामन्याच्या दिवशी फाटकावर गठ्ठा सोडला आणि पांढरा पंख भसकन बाहेर आला. मास्तर आत्याकडे बघतच राहिले.

"हे चालणार नाही, बाई," पहारेकरी म्हणाला. "इथेच ठेवा."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ शाबूत होती. "मैदानातून दिसायला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग उलटी धरतो. शिवणी तिकडे, बगळा आमच्याकडे."

पहारेकऱ्याने फोनवरून साहेबांना विचारलं. उलट्या चादरीबद्दल साहेबांच्या हुकमात काही लिहिलेलंच नव्हतं. "जा," तो म्हणाला.

"आज सगळ्यांसमोर शोभा होणार," कुणीतरी पुटपुटलं. तरी सवयीने हात वर गेले. चादर डोक्यांवरून सरकत पुढे गेली आणि ताणली गेली.

बगळा त्यांच्या डोक्यावर होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्खा. दुपारचं ऊन निळ्या जर्सींमधून झिरपत होतं आणि त्या निळाईत तो उडत होता. वारा आला की पंख हलत होते. जन्मभर घसा फोडणारी माणसं माना वर करून, तोंड उघडं टाकून उभी होती. इतकं मोठं आणि इतकं सुंदर आपण आजवर डोक्यावर धरत होतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही हात वर, पुसणार कसं?

आत्याने डोळा शोधला. वाकडा, पिवळा, सरळ खाली बघणारा. तिच्याकडे, मास्तरांकडे, सगळ्यांकडे. "दिसला रे दादा," ती म्हणाली.

मास्तर आत्याकडे वळले. "त्या तीन रेघा शिवायच्या राहिल्यात, आत्या."

"शिवते की. वरच्या अंगाला," आत्या म्हणाली. "पण एकही टाका आत येऊ देणार नाही."

पंचांची शिट्टी वाजली. चादर खाली घ्यायची वेळ झाली होती, पण हात कुणीच खाली घेईना.