थेट प्रक्षेपणात दिसलेली भिंत

माझा कुणावर विश्वास नाही. वीस वर्षं टीव्हीची बातमीदारी केलेल्या बाईचा असूच नये. तरी कॅमेरावाल्या दादांवर मी डोळे झाकून विसंबले, आणि त्यांनीच भर थेट प्रक्षेपणात माझा केसानं गळा कापला!

जुगाराच्या क्लबवर धाड पडली होती. क्लबच्या दाराकडे पाठ करून मी बोलत होते, "आता एकेकाला बाहेर आणलं जातंय..." तेवढ्यात दादांनी कॅमेरा गर्रकन वळवला. कुठे, तर शेजारच्या भिंतीवर! प्रेक्षकांना दिसली पोपडे निघालेली भिंत आणि वर माझा आवाज. मी हातवारे केले, दादा ढिम्म. शेवटी ओरडले, "अहो, मी इकडे आहे! झोप लागली का?" तेही घरोघरी ऐकू गेलं. मी मागे वळेपर्यंत पोलिसांची गाडी निघून गेली होती.

रात्रीच्या बातम्यांची खुर्ची पुढच्याच आठवड्यात मला मिळायची होती. तिच्यावर डोळा होता आमच्या नव्या पोरीचा. ऑफिसात तिला सगळे चिमणी म्हणतात. मला विचाराल तर घार आहे. हल्ली ती दादांना फार चहा पाजायची. पाणी कुठे मुरतंय ते मला लगेच कळलं. दादा मात्र "चुकलं, ताई," यापलीकडे एक अक्षर बोलेनात.

"उद्या त्यांच्या तोंडावर सांगा, मुद्दाम केलं म्हणून," संपादक म्हणाले. "तिथल्या तिथे घरी पाठवतो."

घरी नवरा माझ्याहून तापलेला. एरवी माझ्या बातम्या लागल्या की याचं डोकं दुखतं. आज म्हणे, "हाकलून द्या त्या गाढवाला! उद्याच!" बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. मग जेवताना त्यानं विचारलं, "तो तुला काही बोलला का?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं परत तेच, "नक्की काहीच नाही ना बोलला?" माझा घास हातातच राहिला.

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं आणि कॅमेऱ्यातलं कार्ड लावून बघितलं. भिंत यायच्या आधी, माझ्या खांद्यामागे, क्लबच्या दारातून हवालदार एकाला आणत होता. तोंडाला रुमाल. पण वीस वर्षं शेजारी चालणाऱ्या माणसाची चाल रुमालानं झाकते होय? मेला ऑफिसच्या मीटिंगला गेला होता ना! जामिनावर सुटून सरळ घरी आला असणार.

दादा आले तसं मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरी जेवलोय मी, ताई. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी कार्ड मुठीत घट्ट धरलं. तशीच संपादकांच्या खोलीत शिरले. दादा मागून आले, मान खाली घालून उभे राहिले.

"मुद्दामच केलं ना यांनी?" संपादकांनी विचारलं.

"हो. मुद्दामच." दादांनी डोळे मिटले. "कारण मागून माझा नवरा येत होता."

संपादकांची नजर माझ्या मुठीकडे गेली. "त्याचं चित्रण आहे?" ती नजर मी ओळखते, वीस वर्षं माझीही तीच होती.

मी कार्ड टेबलावर ठेवलं. "लावा बातमी. वाचायला चिमणीला बसवा. पण दादांना हात लावायचा नाही."