कोरड्या पायऱ्यांखालची पिल्लं

मी एक म्हातारी वाम आहे. मित्रांनो, सापासारखी दिसते म्हणून घाबरू नका. मी मासाच आहे. ॲटलासच्या डोंगरातून उतरणाऱ्या या नदीत मी वाढले, पण जन्मले दूर महासागरात. आम्ही लहानपणी नदीत चढतो आणि शेवटी एकदाच, अंडी घालायला, समुद्राकडे परततो.

मी आले तेव्हा वाट मोकळी होती. मग खाली धरण झालं. ढोल वाजले, लोक नाचले. पुढे माझ्या बरोबरीच्या सगळ्या परतीला निघाल्या आणि पाणी ओढणाऱ्या यंत्राच्या पात्यांत सापडल्या. मी मागे होते. पाण्याला रक्ताचा वास आला, तशी उलटी फिरले आणि डोहात लपून राहिले.

या हिवाळ्यात माझं खाणं सुटलं, पोट रुपेरी झालं. आता निघणं भागच होतं. धरणाच्या वरच्या अंगाला मी बासू कोळ्याच्या जाळ्यात अडकले.

"केवढी मोठी! मातीचं ताजीन भांडं भरून कालवण होईल," तो म्हणाला.

त्याची बायको इत्तो वाकून बघत होती. "पोट बघ तिचं. बाळंतपणाला निघालीय. पोटुशीला खाणार तू?"

"मग काय, माहेरी पोचवून येऊ?"

"हो. बादली आण."

कुरकुरत त्यानं आणली. गाढवावरून मी धरणाच्या पायथ्याशी पोचले. तिथे माशांना चढण्यासाठी सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या. कोरड्या ठाक! वरची झडप बंद होती. तळाशी समुद्रातून आलेली आमच्या जातीची बोटभर पिल्लं भिंतीला चिकटून वर सरकू पाहत होती. कितीतरी तिथेच वाळून गेली होती.

इत्तो पहारेकऱ्यावर ओरडली, "हमू, दोन बोटं तरी झडप उघड की रे!"

"बागांचं पाणी आहे ते, वहिनी. माझी नोकरी जाईल."

"मग पायऱ्या काय बकऱ्यांना चढायला बांधल्यात?"

हमूनं झडप उघडली नाही.

बासूनं मला पाण्यात सोडलं. इत्तोनं बादली भरली आणि वर जाऊन पायऱ्यांवर ओतली. ओल होती तोवर काही पिल्लं एक पायरी चढली. मग पाणी ओघळून गेलं आणि ती तिथेच वळवळत राहिली. इत्तो पुन्हा बादली घेऊन खाली धावली.

मला थांबता आलं नाही; मी समुद्राकडे निघाले.

मित्रांनो, अंडी घालून मी मरेन. माझी पिल्लं कुठल्या तरी नदीच्या तोंडाशी येतील, कदाचित याच. तुमच्याही गावात बंधारे असतील, रस्त्याखालच्या मोऱ्या असतील. त्यांतून मासा वर जाऊ शकतो का, एकदा वाकून बघा. जात नसेल तर मोठ्यांच्या मागे लागा, आणि लवकर लागा. भिंतीखाली थांबलेल्या पिल्लांकडे फार दिवस नसतात.