किल्लीचा दात

आमच्या शिवणाच्या खोलीत मला वाचायला कधी कमी पडलं नाही. कपडा बेतण्याआधी मी वर्तमानपत्रावर माप काढून घेते आणि कापता कापता वाचते. त्यामुळे माझं सगळं शिक्षण बाहीच्या नाहीतर कॉलरच्या आकाराचं झालंय. एका मंत्र्याचं भाषण मला खांद्यापासून कोपरापर्यंत पाठ आहे. पुढे तो काय म्हणाला ते कात्रीला ठाऊक. असं अर्धवट वाचायची सवय लागली की उरलेलं माणूस मनानं भरून काढतो. ह्याला गुण म्हणा नाहीतर खोड.

शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी दुपारी वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिलं नाव मी घातलं. धाकट्या जावेलाही मीच ओढत नेलं. ती "ताई, मला नको, मला हसतील" म्हणत होती, तर मी म्हटलं, "अगं, मी आहे ना शेजारी!" हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

वर्गाची रीत सोपी होती. शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला पुस्तकातली एक गोष्ट नेमून द्यायच्या. ती घरी वाचायची आणि आपल्याला काय वाटलं ते लिहून आणायचं. सगळ्यांत चांगलं पान बाई मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पुस्तकं मोजकी, म्हणून एका घराला एकच. आमच्या घरचं माझ्याकडे. धाकटी चौथीत शाळा सोडलेली, अक्षर अक्षर वेचत वाचणार. मग दुपारी जेवणं झाली की मी मशीन बंद ठेवून मोठ्यानं वाचायची आणि ती खिडकीशी बसून काजं-बटणं करत ऐकायची.

पहिल्या आठवड्यात मी चार पानं लिहिली. 'मानवी जीवनाची क्षणभंगुरता' असा शब्द घातला, तोही दोनदा. धाकटीनं अर्धं पान लिहिलं. गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. बाईंनी वाचलं ते धाकटीचं: "ह्या गोष्टीतला म्हातारा सारखा उठून दार उघडून बघतो. माझे वडीलही बघायचे. तेव्हा मला वाटायचं, त्यांना उकडतंय."

एवढंच. माझ्या चार पानांखाली लाल शाईत शेरा होता: "छान. पण ह्यात तुम्ही कुठे आहात?" मी कुठे असणार? चौथ्या बाकावर!

दुसऱ्या शनिवारी पुन्हा धाकटी. तिसऱ्याही, चौथ्याही. माझ्या तोंडून ऐकायचं आणि माझ्याच शेजारी बसून शाबासकी घ्यायची. आमच्या वर्गात एक बस कंडक्टर होती, तिच्या जिभेला थांबा नाही. जिना उतरताना म्हणते, "शिवणवाल्या ताई, तुमच्या घरात बरं आहे हो. शिजवणारी एक आणि ढेकर देणारी दुसरी!"

मी हसले. रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

मग बाईंनी जाहीर केलं, वाचनालयाच्या पुस्तिकेत आपल्या वर्गाचं एक पान छापायचंय, ते पुढच्या गोष्टीवरचं घेऊ. छापून येणार! बाहीच्या आकाराचं नाही, अख्खं, चारही कोपरे असलेलं पान. मला ते पान हवं होतं. इतकं हवं होतं की त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचे दोन्ही खिसे मी एकाच बाजूला लावले.

गोष्ट होती कुलूपवाल्याची. पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेलेली बायको एका दुपारी त्याच्या दुकानात येते. ती त्याला ओळखत नाही, निदान तसं दाखवत नाही. नव्या घराची दुसरी किल्ली करून हवी म्हणते. तो किल्ली घासायला घेतो. इथवर मी वाचलं आणि पान उलटलं. शेवटच्या पानावर पाचच ओळी होत्या, त्या आधी मनातच वाचल्या. तो किल्ली करतो, फुंकर मारून चुरा उडवतो, तिच्या हातावर ठेवतो. ती जाते. संपलं.

"मग? ओळख दिली का त्यानं?" धाकटीनं मान वर केली. दातांत दोरा, डोळे माझ्याकडे.

मला वाटलं, आता ही ह्यावरही अर्धं पान लिहिणार, आणि ते छापून येणार.

माझी नजर पुस्तकावरच होती. जीभ तेवढी वळली. मी वाचत गेले: "त्यानं किल्लीचा एक दात मुद्दाम किंचित लांब ठेवला. किल्ली कुलपात जाईल, पण फिरणार नाही. म्हणजे तिला परत यावं लागेल." पुस्तक मिटलं. "संपली."

खरं तर काहीतरी भिकार शेवट जोडायचा माझा बेत होता. पण ऐन वेळी भिकारही सुचत नाही माणसाला.

धाकटी दोरा तोडत पुटपुटली, "लबाड आहे मेला."

शनिवारी बाईंनी तिचंच पान उचललं. मी हात मांडीवर ठेवून आतून वाट बघत होते. बाई वाचू लागल्या:

"कुलूपवाल्याला आधी मी लबाड म्हटलं. मग आठवलं. मी घरात नवीन होते तेव्हा मोठ्या जाऊबाईंचा आणि माझा अबोला होता. कशावरून ते आता आठवत नाही. त्यांचं लोकरी जाकीट माझ्याकडे बटणांना आलं. वरचं बटण मी एकाच टाक्यावर ठेवलं. तीन दिवसांनी ते लोंबलं आणि ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्या बसाव्यात म्हणूनच केलं होतं. आता मी त्याला लबाड म्हणणार नाही."

तेरा वर्षं मी समजत होते, दोरा कच्चा होता. दोरेवाल्याशी तासभर भांडून आले होते मी!

बाईंनी चष्मा काढला. "पान सुंदर आहे. पण एक विचारायचंय. हा लांब दात पुस्तकात कुठेच नाही. तुम्ही कुठून आणलात?"

"न वाचताच लिहिलं की काय?" कंडक्टर म्हणाली आणि वर्गात हशा पिकला. 'मला हसतील' म्हणाली होती ना ती, ते हेच हसणं.

धाकटीनं माझ्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं. शेवटचं पान काढलं. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर वेचत पाचही ओळी वाचल्या. सगळा वर्ग थांबला होता. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"माझंच चुकलं, बाई," ती म्हणाली. "वाचताना डुलकी लागली असेल."

"चुकलं असेल, पण सुचलं छान," बाई म्हणाल्या. "हा शेवट ज्या डोक्यातून निघाला, त्या डोक्याचं मला कौतुक वाटतं."

आता मी खरेपणाला जागून उठले असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण तसं नव्हतं. माझी गोष्ट आणि तिचं कौतुक, हे मला बसल्या जागी सोसवेना. मला उभं केलं ते मत्सरानं.

"शेवट माझा आहे!" मी म्हटलं. "मी वाचून दाखवते हिला. मीच जोडला."

"का बरं?" बाईंनी विचारलं.

चार-चार पानं लिहिणाऱ्या मला दुसरं उत्तर सुचू नये? "हिचं पान चुकावं म्हणून."

कुणी हसलं नाही. कंडक्टरसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागली.

बाईंनी धाकटीचं पान आणि माझी चार पानं समोर ठेवली. "छापायला हिचंच जाईल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुमच्या पानांत तुम्हाला इतके दिवस शोधत होते. आज भेटलात." त्यापेक्षा लाल शाई बरी होती.

घरी येताना धाकटी माझ्या दहा पावलं पुढे चालली. रविवारी बोलली नाही. सोमवारी बोलली, पण "कात्री" आणि "झालं" एवढंच. मंगळवारी दुपारी मी पुस्तक उघडायच्या आत तिनं ते उचललं आणि खिडकीशी बसून स्वतःच वाचायला लागली. बोट ओळीवर, ओठ हलतायत, मधेच स्वतःशी हसली. काय वाचलं ते मला सांगितलं नाही. तिच्या कौतुकाचा जितका हेवा वाटला नव्हता तितका मला त्या हसण्याचा वाटला. माझ्यावाचून तिला गोष्ट कळत होती.

बुधवारी मी तेच लोकरी जाकीट घातलं. वरपासून खालपर्यंत एकेक बटण ओढून पाहिलं. सगळी घट्ट, दगडासारखी. ह्या वेळी ती मला बोलावणार नव्हती.

मग मी कात्री घेतली, वरच्या बटणाचा दोरा कापला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अगं, हे तुटलं बघ."

तिनं बटण हातात घेतलं, दोऱ्याची टोकं उजेडात धरली. शिवणकामातल्या बाईला काय फसवणार?

"तुटला असता तर टोकं पिंजली असती, ताई. हा कापलाय."

"हो."

"कात्रीनं."

"हो गं बाई, कात्रीनंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मांडीवरचे तुकडे बाजूला सारले आणि मला बसायला जागा केली. जाकीट अंगातच होतं, तशीच ती जवळ सरकली आणि टाके घालायला लागली. एक, दोन, तीन, चार. अगदी पक्के.

"पुस्तक तुम्ही धरा," ती म्हणाली. "पण वाचायचं नाही. मी वाचणार. अडले तरच सांगा."

मी तिच्या डोळ्यांसमोर पुस्तक धरलं. ती एक टाका घालायची, एक शब्द वाचायची. दुसऱ्याच ओळीत अडली. शब्द माझ्या जिभेवर होता.

"सांगू?"

"थांबा हो," ती म्हणाली. "येतोय."

मी थांबले.